जादा पाटे बसवले, क्लेम अडकला

प्रश्न : माझा मंडपाचा व्यवसाय आहे (सातारा जिल्हा). पिकअपला मागे दोन्ही बाजूंनी जादा पाटे (सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) टाकून घेतले आणि चासीला हुक वेल्डिंग करून जनरेटरची ट्रॉली जोडली. घाट उतरताना ट्रॉली हेलकावे खाऊ लागली आणि पिकअप कठड्यावर आदळली. कोणाला इजा नाही. विमा कंपनीनं 'मूळ सस्पेन्शनमध्ये अनधिकृत बदल' एवढंच कारण लिहून क्लेम नाकारला. शिवाय ओव्हरलोडचं वीस हजारांचं चलन आलंय. गाडी वजनकाट्यावर नेलीच नव्हती. काय करू?

उत्तर : नकाराचं ते पत्र जपून ठेवा, तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद तोच आहे. पत्रात जे कारण दिलं, त्याच्या बाहेर जाऊन कंपनीला नंतर कोर्टात नवी कारणं काढता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात (२०१९) हे स्पष्ट केलंय. तुमच्या पत्रात फक्त सस्पेन्शन आहे, ट्रॉलीचा उल्लेख नाही. म्हणून आधी सर्व्हेअरचा (नुकसान तपासायला कंपनीनं नेमलेल्या माणसाचा) अहवाल लेखी मागा आणि त्यात अपघाताचं कारण काय लिहिलंय ते पाहा. गाडी हेलकाव्यानं गेली असेल, तर पाट्यांचा त्याच्याशी संबंध काय, हे कंपनीनं दाखवायला हवं. आणि अटींचा भंग झाला असं धरलं, तरी अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) न्यायालयानं पूर्ण नकाराऐवजी ७५ टक्के रक्कम द्यायला लावली होती. तो दाखला तुमच्या कामाचा आहे.

पाटे टाकणं गुन्हा आहे का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायला मनाई करतं. के. जयचंद्र प्रकरणापासून (२०१९) न्यायालयं यात कडक झाली आहेत, आणि कलम १८२-अ(४) खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र कलमातली व्याख्या 'रचनेत बदल होऊन मूळ वैशिष्ट्य बदलणं' अशी आहे. पाट्यानं आरसीतली एकही नोंद बदलत नाही, असा युक्तिवाद करता येतो. वेल्डिंग केलेल्या हुकाबाबत मात्र मी एवढ्या खात्रीनं बोलणार नाही.

गॅरेजवाले 'आता दोन टन बिनधास्त टाका' म्हणतात, ते साफ खोटं. पाट्यानं गाडी मागून खाली बसत नाही, एवढंच. ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल तेच राहतात आणि आरसीवरचं एकूण वजनही तेच. त्यात जनरेटर ट्रॉलीच्या चाकांच्या मागे ठेवला, तर हुकावरचा भार कमी होऊन ट्रॉली उतारावर शेपटीसारखी हलते. फार पुढे ठेवला, तर पिकअपचं पुढचं टोक उचललं जाऊन स्टेअरिंग हलकं पडतं. तुमच्या घाटात बहुधा पहिलं झालं.

ट्रॉलीचं मला जास्त भय वाटतं. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच, म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा हवा. विनानोंदणीला पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, पण खरा धोका दंडाचा नाही: ट्रॉलीखाली माणूस गेला असता, तर भरपाई तुमच्या खिशातून गेली असती.

चलन घाईनं भरू नका. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० दंड आहे, पण त्यासाठी वजन किती होतं हे ठरायला हवं. कलम ११४ मध्ये काट्यावर नेण्याची तरतूद त्यासाठीच आहे. काट्याची पावतीच नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हरकत घ्या. भरलंत, तर कंपनीचा वकील ते कबुलीजबाब म्हणून दाखवेल.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा नकार आला, तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची. तुमच्या राहत्या जिल्ह्यातच दाखल करता येतं, आणि फी दिलेल्या मोबदल्यावर ठरते; इथं मोबदला म्हणजे प्रीमियम. तो पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. व्यावसायिक वापर म्हणून आडवं आले, तर व्यवसायासाठी विमा घेणाराही ग्राहक ठरू शकतो असं सांगणारा हर्सोलिया मोटर्सचा निकाल (२०२३) पुढे करा. ट्रॉलीची नोंदणी होईपर्यंत जनरेटर वेगळ्या टेम्पोनं न्या, हुकाला लावून नको.