पाच लाखांची फियाट घेऊ का? घ्या, पण सांगलीची नको

प्रश्न थोडक्यात असा. वाचकाचं वय 43, चाकणला नोकरी, हातात महिना 1 लाख 35 हजार. घराचा हप्ता 41 हजार, अजून 9 वर्षं. मुलगी आठवीत, आई सोबत. गावच्या जमिनीच्या वाटणीचे 11 लाख आलेत. वडिलांकडे पूर्वी फियाट होती, तशीच 1972 ची घ्यायचीय. एक सांगलीजवळ गोठ्यात उभी आहे, 1 लाख 10 हजार. दुसरी पुण्यात, चालू, 4 लाख 40 हजार. मित्र म्हणतो विंटेजचे भाव दुप्पट होणार, बायको म्हणते म्युच्युअल फंडात टाका. यांच्या मनात आहे की सांगलीची घ्यायची, सोनं तारण ठेवून रिस्टोर करायची, विंटेज नंबर घ्यायचा आणि दर वर्षी कोकणात जायचं.

नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना मी आकडे सोडून, वडिलांच्या त्याच फियाटमधून तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं होतं, त्या ओळीवरच अडकलो. असो. ते खरंय आणि त्याची किंमत मी काढू शकत नाही, पण बाकीच्याची काढू शकतो.

आधी ते 11 लाख. टॅक्स जाऊन 11 आहेत का? जमीन ग्रामीण शेतजमीन असेल तर कॅपिटल गेनचा प्रश्न नाही, पण शहराच्या हद्दीत किंवा हद्दीला चिकटून असेल तर येतो, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय एक रुपया हलवू नका. दुसरं, तुमचा महिन्याचा खर्च 62 हजार आणि हप्ता 41, म्हणजे 1 लाख 3 हजार बाहेर जातात. अडीनडीसाठी सहा महिन्यांचे बाजूला हवेत, ते झाले 6 लाख 18 हजार. तुमच्याकडे एफडीत 1 लाख 60 हजार आहेत. म्हणजे 11 मधले साडेचार लाख आधीच बोलले गेलेत, ते तुमचे नाहीतच असं समजा. आणि आईला फक्त कंपनीच्या मेडिक्लेमवर ठेवलंय, नोकरी गेली की तो पण गेला. गाडीच्या आधी त्यांची वेगळी पॉलिसी.

राहिले साडेसहा. आता मित्राचा हिशोब बघू.

गाडी आणि पहिल्या वर्षाची डागडुजी धरून 5 लाख जातील. हेच 5 लाख 7 टक्क्यांच्या एफडीत पाच वर्षं ठेवले तर साधारण 7 लाख होतात. गाडीवर पेट्रोल, इन्शुरन्स, मेकॅनिक, बॅटरी, कव्हर मिळून महिना 5 हजार धरा (मी कमीच धरतोय), पाच वर्षांत 3 लाख. म्हणजे पाच वर्षांनी ती गाडी 10 लाखांना विकली गेली तर तुम्ही जेमतेम बरोबरीत. आणि तेव्हा 10 देणारा माणूस तुम्हाला शोधावा लागणार, तो शेअरसारखा स्क्रीनवर बसलेला नसतो. मित्र टॅक्स लागत नाही म्हणतो ते बरोबर आहे, स्वतः वापरायची गाडी ही वैयक्तिक वस्तू धरतात, नफ्यावर कॅपिटल गेन नाही. पण तोटा झाला तर तोही कुठे वळता करता येत नाही, हे तो सांगत नाही. तेव्हा ही गुंतवणूक नाही, हा छंदाचा खर्च आहे, आणि छंदाचा खर्च म्हणून लिहिलात की मग परवडतो का एवढंच बघायचं. माझ्या मते परवडतो, जेमतेम.

सांगलीची मात्र नको. 1 लाख 10 हजार ऐकायला गोड आहे, मला कळतं. माझ्याकडे वडिलांची 1989 ची बजाज चेतक आहे, मी पण असंच एका गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देऊन बसलो होतो, दोन महिन्यांत देतो म्हणाला आणि चौदा महिने इंजिन एका खोक्यात पडून होतं, शेवटी त्याने सांगितलेल्याच्या अडीचपट गेले आणि ती तर स्कूटर होती हो. कारमध्ये पत्र्याचं काम सुरू केलं की थांबत नाही, वरचा रंग खरवडला की खाली फ्लोअर गेलेला, फ्लोअर उचलला की दरवाज्याचा खालचा काठ हातात येतो. गोठ्यात उभी म्हणजे खालून ओल. आणि हे सोन्यावर व्याज भरत भरत, कधी संपेल माहीत नसलेल्या कामासाठी? नाही. गोल्ड लोन दवाखान्यासाठी राखून ठेवा.

पुण्याची बघायला जाताना फ्रिजवरचं एक मॅग्नेट खिशात टाका. दरवाज्यांच्या खालच्या बाजूला, चाकांच्या वरच्या कडेला, डिकीत लावून बघा. चिकटलं नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मालक रागावला तर रागावू दे.

पार्ट्सचं म्हणाल तर तुमची निवड शहाणपणाची आहे. फियाट 1100 डिलाइट, मग 1972 पासून प्रीमियर प्रेसिडेंट, 1974 पासून पद्मिनी, सगळं कुर्ल्याच्या कारखान्यातलं एकाच घराण्यातलं, 1089 सीसीचं तेच इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर. त्याआधीची डुक्कर फियाट घेतली असती तर काचेपासून हाल होते. पण हे लक्षात ठेवा की या पार्ट्सचा बाजार काळ्या-पिवळ्या टॅक्सीने जिवंत ठेवला होता आणि मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये उतरली. नाना पेठेत आज मिळतंय ते घेऊन ठेवा, इग्निशनचे पॉईंट, कंडेन्सर, पेट्रोल पंपाचा डायफ्राम. आणि आता पेट्रोल ई20, म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आणि ते इथेनॉल जुनं रबर खातं, ओलावा पण धरतं, त्यामुळे होज बदलायचे आणि टाकी भरून गाडी तीन-तीन महिने उभी ठेवायची नाही.

आता तुमच्या प्लॅनमधली खरी चूक. विंटेज नंबर आणि कोकण एकत्र जमत नाही! 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, फी 20 हजार, दहा वर्षांसाठी. पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, मेंटेनन्सला, एवढंच. तुम्हाला आईला घेऊन गुहागरला जायचंय. मग साधं रजिस्ट्रेशनच चालू ठेवा, दर पाच वर्षांनी रिन्यू. वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी 2025 मध्ये वाढवलीय, आजचा आकडा आणि पर्यावरण कर आरटीओत विचारून बजेटमध्ये धरा. (15 वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हे दिल्लीकडचं आहे, तुम्ही त्याने घाबरू नका.) इन्शुरन्स घेताना गाडीची किंमत कंपनीशी बोलून लेखी ठरवा, थर्ड पार्टीवर भागवू नका. आणि घाटात जायच्या आधी ब्रेक. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत, आजच्या गाडीच्या सवयीने पाय ठेवाल तर पुढच्या ट्रकपर्यंत पोचाल.

वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणून एक करा. त्यांना हा 10 लाखांचा हिशोब दाखवा, लपवू नका, आणि मुलीची 18 हजारांची एसआयपी गाडीसाठी एक महिनाही थांबणार नाही हे त्यांच्यासमोर ठरवा. ती जाऊन महिन्याचे जे 14 हजार उरतात त्यातले 5 गाडीचे. एखाद्या महिन्यात 5 मध्ये बसलं नाही तर गाडी त्या महिन्यात उभी.

भाव 4 लाखांपर्यंत आणा, 4 च्या वर मी जाणार नाही. मालक अर्धे रोख मागेल, पण 2 लाख किंवा वर रोख घेणं कायद्याने बंद आहे, दंड घेणाऱ्याला लागतो, हे त्याला सांगितलंत की बँकेतून घ्यायला तयार होईल. टोकन द्यायच्या आधी आरसीचे दोन्ही बाजूचे फोटो मागवा. नाव विकणाऱ्याचंच आहे का, की वारलेल्या आजोबांचं अजून तसंच, कुठल्या बँकेचा बोजा चढलेला आहे का, आणि तो जुना नंबर आरटीओच्या ऑनलाईन रेकॉर्डला दिसतो का. दिसत नसेल तर नोंद करून घ्यायचं काम विकणाऱ्याचं, तुमचं नाही, आणि ते होईपर्यंत टोकन पण नाही. फोटो आले की मला पाठवा, मी बघतो.