न केलेली सही

प्रश्न : मी 74 वर्षांचा असून बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन 16 वर्षे झाली. दीड वर्षापूर्वी पत्नी वारली. अलीकडे तिची ट्रंक आवरताना तळाशी, मुलीने बारावीत असताना काढलेले पेन्सिलचे चित्र सापडले. ओसरीवर तांदूळ निवडणारी आई. चष्म्याच्या तुटलेल्या काडीला बांधलेला दोरासुद्धा त्यात आहे. 1996 साली मुलीला सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये जायचे होते. मी फॉर्मवर सही केली नाही, तिला कॉमर्सला घातले. आज ती पुण्यात बँकेत आहे, संसार नीट चालला आहे. मी विषय काढला की ती म्हणते, “बाबा, सोडा ना आता.” मात्र मला रोज पहाटे तीनला जाग येते ती येतेच. हे ओझे कसे उतरवावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन दुःखे एकमेकांत मिसळली आहेत. चित्र मुलीचे असले तरी ते जपून ठेवले होते आईने, आणि त्या निर्णयाबद्दल आपल्याशी बोलू शकेल, प्रसंगी भांडूही शकेल, अशी घरातली एकमेव व्यक्ती आता नाही. त्यामुळे जी खंत इतकी वर्षे दोघांत वाटली गेली असेल, ती आता एकट्याच्या वाट्याला आली आहे. उतारवयात मन मागचा हिशेब काढू लागते, हा म्हातारपणाचा चाळा नसून त्या वयाचे स्वाभाविक काम आहे, असे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 साली मांडले होते. मात्र हे काम काहींना समाधानाकडे, तर काहींना अपराधीपणाच्या गर्तेत नेते, हेही त्यांनी नोंदवले होते.

आपण मुलीच्या प्रत्यक्ष आयुष्याची तुलना न घडलेल्या आयुष्याशी करत आहात. न घडलेल्या आयुष्यात कोणी नापास होत नाही, भाडे थकत नाही, चित्रे विकली गेली नाहीत म्हणून कोणी रडत नाही. तरीही “त्या काळी सगळेच बाप असे वागत” असे म्हणून मी आपली सुटका करणार नाही, कारण आपल्यालाच ते पटणार नाही. सही आपण केली नाही, एवढे खरे आहे; तेवढेच मान्य करावे, त्याहून अधिक शिक्षा स्वतःला देऊ नये.

पहाटेची जाग मात्र केवळ खंतीच्या खात्यावर टाकू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज झोप मोडत असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, कमाटीबागेतला फेरा किंवा वर्तमानपत्र नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. वृद्धांमधील नैराश्य पुष्कळदा उदासीपेक्षा झोप, भूक आणि अंगदुखी यांतूनच दिसते. थायरॉइड, बी-12 ची कमतरता किंवा चालू असलेली औषधेही त्यामागे असू शकतात. जगणे नकोसे वाटले, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते.

आता मुलीविषयी. “सोडा ना” म्हणण्यामागे राग असेलच असे नाही. दर वेळी बापाचे सांत्वन तिलाच करावे लागते, याचा तो थकवाही असू शकतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच डोळे पुसायचे, अशी ती क्षमायाचना होते. म्हणून फोन टाळून एकदाच, हाताने, एका पानाचे पत्र लिहावे. त्यात आपण काय केले ते लिहावे. त्यामागची कारणे, “पण तुझ्या भल्यासाठी” हे शब्द आणि उत्तराची अपेक्षा, यांतले काही नसावे. (नातवंडे असतील तर त्यांना रंगपेट्या आणून हिशेब चुकता करण्याचा मोह मात्र आवरावा, आजोबांचे कर्ज त्यांनी का फेडावे?) तिने उत्तर दिले नाही, तरी विषय पुन्हा काढू नये.

चित्राचे काय करायचे, ते आपण एकट्याने ठरवू नका, कारण ते तिचे आहे. तिला फक्त विचारा की ते पुण्याला पाठवू, की पुढच्या खेपेस येशील तेव्हा काढून ठेवू. आणि जमल्यास एवढे विचारा की तो दोरा कोणत्या रंगाचा होता. पेन्सिलच्या चित्रात ते कळत नाही.