सरांना काय तोंड दाखवू?

बॅचचा स्नेहमेळावा ठरला, की काही लोकांची झोप उडते. ते माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा मेळाव्याचं नाव काढत नाहीत. चिडचिड होते, जेवण जात नाही, घरात मन लागत नाही, असं सांगतात. दर्यापूर तालुक्यातले एक शेतकरी असेच आले. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. त्यांना इथे नुसतं भाऊ म्हणते.

भाऊ अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे बी.एस्सी. ॲग्री. वीस वर्षांपूर्वी डिग्री घेतली आणि त्यानंतर विद्यापीठाच्या गेटात पाऊल टाकलं नाही. अकोला काही लांब नाही. बियाण्याला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला ते तिकडेच जातात. विद्यापीठाचा रस्ता तेवढा टाळतात.

"पोट्टे कुठच्या कुठी गेले ताई. कोणी कृषी अधिकारी, कोणी बँकेत मॅनेजर. अन् मी बापाचंच वावर वाहून राहिलो. 'तू काय करून राहिला बे?' असं कोणी इचारलं तं काय सांगू?"

मी आधी झोपेचं विचारलं. ते रात्री जागलीला जातात, रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरं तूर ठेवत नाहीत. म्हणजे अर्धी झोप वावरातच जाते, तिचं खापर मनावर फोडायचं कारण नव्हतं. मग जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावा असं कधी मनात येतं का, हे सरळ विचारलं. आमच्या भागात हा प्रश्न मी आडवळणानं विचारत नाही. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट माणूस मोकळा होतो. भाऊंच्या मनात तसं काही नव्हतं. असतं, तर मेळावा बाजूला ठेवून त्यांना आधी डॉक्टरांकडे नेलं असतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मात्र मी सगळ्यांनाच लिहून देते. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

दुसरा प्रश्न पैशाचा. मेळावा दसऱ्याच्या आधीचा, वर्गणी दोन हजार. तेव्हा सीतादही, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा, व्हायची असते, कापूस घरात आलेला नसतो आणि खत-फवारणीची उधारी डोक्यावर असते. भाऊ आधी "पैशाचं काही नाही" म्हणाले, मग गप्प झाले. शिकलेल्या माणसाला हातात दोन हजार नाहीत हे सांगणं फार जड जातं. "कापूस विकल्यावर देतो" एवढं आयोजकांतल्या एकाला कळवायचं ठरलं. त्याचं उत्तर आलं, "दे ना बे सावकाश, मायाच हप्ता थकून आहे." तो बँकवाला!

मग मी बॅचच्या ग्रुपवर फोटो कोण टाकतं ते मोजायला सांगितलं. सात-आठ नावं निघाली. बॅचमधल्या बाकीच्यांचं काय चाललंय, हे भाऊंना ठाऊक नव्हतं. वीस वर्षं ते या सात-आठ जणांशी स्वतःची तुलना करत होते, आणि न बोलणारे बाकीचे त्यांच्या हिशेबातच नव्हते.

पण बोलता बोलता खरी ठसठस निघाली ती मृदाशास्त्राच्या सरांबद्दलची. ग्रामीण कार्यानुभवाच्या सत्रात सर त्यांचे मार्गदर्शक होते. याने एम.एस्सी. करावं, खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या आमच्या भागातल्या जमिनीवर काम करावं, असं ते म्हणायचे. शेवटच्या परीक्षेनंतर वडिलांना अर्धांगवायू झाला. भाऊ होस्टेलची पेटी उचलून घरी गेले आणि सरांना सांगितलंच नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. मित्रांपुढची लाज आणि सरांपुढचा अपराधीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा निकाल मेळाव्याच्या गर्दीत, माईक चालू असताना लागत नाही. म्हणून माझं मत पडलं, की आधी सरांना एकट्यानं भेटावं. मेळाव्याचं नंतर बघता येईल.

जुन्या माणसाला निरोप पाठवणं सोपं नसतं. गिलियन सँडस्ट्रॉम आणि लारा अॅकनिन या मानसशास्त्रज्ञांचा यावरचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. मित्राला आवडेल हे पटलेलं, नंबर हाताशी, लिहायला वेळ दिलेला, तरी एक तृतीयांशाहून कमी लोकांनी निरोप पाठवला. ज्यांना आधी रोजच्या माणसांना दोन-चार निरोप लिहायचा सराव दिला, त्यांच्यातले निम्म्याहून जास्त पुढे सरसावले. मीही भाऊंना तेच करायला लावलं. आधी मेव्हण्याला, मग गावातल्या मित्राला. "त्यायले वाटलं मी दारू पेलो," म्हणाले. त्यानंतर सरांचा मेसेज आम्ही बसून लिहिला. पहिल्या मसुद्यात माफीच माफी होती. ती खोडत खोडत एवढं उरलं: "सर, नमस्कार. वडिलांच्या आजारपणात न सांगता गावी आलो, ते मनात राहिलं. भेटायला यावं म्हणतो."

सर निवृत्त होऊन अकोल्यातच राहतात. त्यांनी बोलावलं, पण चेहरा पाहून ओळखलं नाही. आणि एम.एस्सी.चं तर त्यांना आठवतच नव्हतं! असं ते बऱ्याच मुलांना सांगत असत. आठवलं ते भलतंच: मातीचा थर पाहायला खणलेल्या खड्ड्यात भाऊ घसरून पडले होते आणि वर्ग अर्धा तास हसला होता.

हे ऐकून भाऊंना हलकं वाटलं असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. त्यांना ते लागलं. "मी वीस वर्सं जे घेऊन फिरलो, ते त्यायच्या ध्यानातई नाही." पुढच्या भेटीत आम्ही बराच वेळ त्याच्यावरच बोललो. सरांच्या एका वाक्यावर भाऊंनी स्वतःचं न जगलेलं दुसरं आयुष्य उभं केलं होतं. ते गेल्याचं दुःख खरं होतं, पण त्याचा जाब मागणारं समोर कुणीच नव्हतं. वडिलांना पुढे नऊ वर्षं उचलून आंघोळ घातली, ही गोष्ट भाऊंनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

मेळाव्याला गेलंच पाहिजे असं मी कुणालाच म्हणत नाही. कॉलेजात ज्यांचा छळ झाला, त्यांनी तर मुळीच जबरदस्ती करून घेऊ नये. भाऊ गेले, जेवण करून निघाले. एकानं पॅकेजच्या गप्पा मारून कान किटवले. "काय करून राहिला?" हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर आम्ही आधी म्हणून पाहिलं होतं: पहिल्यांदा जमिनीकडे पाहत, मग नीट. "दहा एकर आहे. कपाशी, तूर, शेततळ्याच्या पाण्यावर हरभरा." विचारणारा कृषी अधिकारी शेततळ्यातलं पाणी कितपत गोडं राहतं, हेच विचारत बसला.

सरांनी मात्र काम लावलंय. पूर्णाकाठच्या वावराची माती पाहायची आहे म्हणे. हरभरा निघाला की व्हीच्या आकाराचे खड्डे घेऊन, माती चार भागांत वाटत अर्धा किलो नमुना काढायचा आणि विद्यापीठातली पिकं दाखवतात त्या शिवारफेरीला सोबत जायचं. भाऊ मला विचारत होते, सरांना गाडीवर मागे बसवून न्यावं की ऑटो करावा. गुडघे दुखतात त्यांचे. ऑटो करा म्हटलं.