धंदा आणि घर: सुरुवातीला एवढंच बघा

नवा धंदा आणि घर दोन्ही सांभाळताना अडकल्यासारखं वाटतंय, म्हणजे तुम्ही कमी पडताय असं नाही. सगळे निर्णय एकट्याच्या डोक्यावर असले की गाडं रुततंच. आधी एवढंच करा:

- घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा. स्वतःला दरमहा ठरावीक रक्कम द्या. पैशावरून होणारे घरातले बरेच वाद इथेच मिटतात.
- जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. ताटाशेजारी उलटा ठेवलेला फोनही लक्ष खाऊ शकतो.
- आठवडाभर कशात किती वेळ गेला ते लिहा आणि त्यातलं एकच काम दुसऱ्याकडे सोपवा.

नवखे लोक गिऱ्हाईक तुटेल या भीतीने रात्री ११ वाजताही उत्तर देतात. मग गिऱ्हाइकालाही तीच सवय लागते. कामाची वेळ पहिल्याच बोलण्यात सांगा. विस्तार, कर्ज, भागीदारी यांचा विचार सध्या नकोच.