ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये चार फुटी रीफ टँक करायचाय. नवखे लोक नेमके कुठे चुकतात?

तुम्ही लिहिलंय की गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळलेत, आता समुद्री पाण्याचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा टँक, करायचाय, आणि दुसऱ्यांच्या चुका आधीच कळल्या तर हव्या आहेत. मी डोंबिवलीत राहतो, घरी मरीन टँक आहे, आणि ओळखीतल्या अनेकांचे टँक उभे राहताना आणि मोडताना जवळून पाहिलेत. त्यावरून लिहितो.

परदेशी व्हिडिओंत जे सांगतात ते खरंच आहे: घाई करू नका, मासे कमी ठेवा, पाणी तपासत राहा. पण आपल्याकडे टँक बहुतेक वेळा बुडतो तो घरामुळे. व्हिडिओतल्या माणसाकडे मे महिन्यात हॉल तापत नाही, मधेच वीज जात नाही, संध्याकाळी दारं लावून डासांची कॉइल पेटत नाही. म्हणून माशांच्या दुकानात जाण्याआधी स्वतःच्या घरात एक फेरी मारा: मजला, नळ, वीज, हवा, उन्हाळा.

मजल्यापासून सुरू करू. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत साधारण अडीचशे लिटर पाणी मावतं. म्हणजे अडीचशे किलो. त्यात काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा संप (पाणी गाळायची दुसरी टाकी) धरला की साडेतीनशे-चारशे किलोंचा भार चार पायांवर येतो. बाल्कनीत हा टँक ठेवायचाच नाही. खोलीच्या मधोमध नको, बीमला लागून असलेल्या भिंतीशी हवा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पाणी. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि कारण साधं आहे: घरात आरओ आहे, मग वेगळा कशाला? पिण्याच्या बहुतेक प्युरिफायरमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. गाळून निघालेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं परत मिसळली जातात. प्यायला ते ठीक. रीफ टँकला नाही. ठाण्या-मुंबईत धरणाचं पाणी येतं, मीटरवर टीडीएसचा आकडा कमी दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण त्या थोडक्यात काय आहे ते मीटर सांगत नाही. क्लोरीन असतं, फॉस्फेट असू शकतं, सिलिकेट असू शकतं, नळ-पाइपमधून उतरलेलं तांबं असू शकतं. तांबं तर अगदी थोडं असलं तरी कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना पुरतं. म्हणून आरओ-डीआय युनिट (आरओनंतर उरलेले क्षार रेझिनने काढणारं) वेगळंच घ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य येतोय ना ते बघत राहा. शून्याचा एक-दोन झाला की डीआयचं रेझिन बदलायचं. वाया जाणारं पाणी लादी पुसायला, संडासाच्या टाकीला वापरता येतं.

किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणायचा विचार बरेच जण करतात. ठाण्याची खाडी किंवा मुंबईचा किनारा यासाठी अजिबात नको, त्यात सांडपाणी आहे. कोकणात खाली गेलात तरी पावसाळ्यात नद्यांचं पाणी समुद्रात उतरतं आणि किनाऱ्यालगत खारेपणा खूप घसरतो. तयार मीठ घ्या. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. नेमकं प्रमाण पुडक्यावर असतं. खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६. मोजायला काटा हलणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर घेऊ नका, काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी तो चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तो ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर जुळवा.

गोड्या पाण्यातून आलेल्या माणसाला आणखी एक सवय मोडावी लागते. पातळी उतरली की तुम्ही पाणी भरता. इथे उडून जातं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून भर घालायची ती आरओ-डीआयच्या बिनमिठाच्या पाण्याची, आणि रोज थोडी थोडी. आठवड्यातून एकदा बादलीभर ओतणाऱ्यांच्या टँकमध्ये खारेपणा सतत चढतो-उतरतो, आणि प्रवाळ मिटून बसतात. पैसे वाचवायचे असतील तर लाइटवर वाचवा, पण आपोआप भर घालणारं ऑटो टॉप-ऑफ पहिल्या दिवसापासून लावा.

विजेबद्दल सविस्तर लिहितो, कारण एका रात्रीत संपलेले टँक मी पाहिलेत ते यामुळेच. समुद्री पाण्यात मुळात प्राणवायू कमी विरघळतो, कोमट पाण्यात आणखी कमी. पंप थांबले की पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही आणि काही तासांत मासे वर तोंड काढायला लागतात. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप फार महाग नसतो. घरी इन्व्हर्टर असेल तर सगळा टँक त्यावर टाकू नका, हीटर-चिलर बॅटरी खाऊन टाकतात; एकच वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) टाका.

याची दुसरी बाजू कमी लोकांच्या लक्षात येते. रिटर्न पंप, म्हणजे संपमधलं पाणी वर ढकलणारा पंप, थांबला की वरच्या टाकीतलं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली संपमध्ये येतं. संप आधीच काठोकाठ असेल तर ते तुमच्या फरशीवर आणि मग खालच्या घराच्या छतावर. टाकी पहिल्यांदा भराल त्याच दिवशी, एकही जीव आत नसताना, मेन स्विच बंद करून बघा. पाणी कुठपर्यंत चढतं तिथे संपवर खूण करा आणि चालू स्थितीत त्याखालीच पातळी ठेवा. सॉकेटला आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं खारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल.

उन्हाळ्याचं गणित तर टँक घेण्याआधीच मांडा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच बनवतं. पाणी जास्त दिवस तापलेलं राहिलं की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. २५ ते २६ अंश हे सुरक्षित तापमान. तिशीच्या पुढे धोका. पंखा लावून पाणी थंड होतं ते बाष्पीभवनाने, म्हणून पुण्याच्या कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये तो छान चालतो आणि ठाण्याच्या दमट मे महिन्यात नेमका कमी पडतो. तुम्हाला चिलर किंवा त्या खोलीत एसी लागेल. चिलर बंद कपाटात ठेवू नका, तो गरम हवा बाहेर फेकतो आणि तीच परत ओढत बसतो. हा खर्च आणि दरमहाचं वीजबिल परवडणार नसेल तर रीफऐवजी गोड्या पाण्यातला सुंदर प्लांटेड टँक करा, असं मी मनापासून सांगतो. उन्हाळा येईपर्यंतच जीव पाळणं हे पाळणं नव्हे.

हवा. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ओढतात. डासांच्या कॉइल, लिक्विड आणि स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. कोळंबी-खेकड्यांचं शरीर कीटकांच्या जवळचं, त्यामुळे आधी ते जातात. टँकच्या खोलीत हे काहीही वापरायचं नाही, खिडक्यांना जाळी बसवायची. पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल किंवा गणपतीआधी रंगकाम निघणार असेल तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढायची सोय आधीच करून ठेवा. घरातल्या सगळ्यांना हे समजावून सांगा, कारण स्प्रे मारणारं माणूस बहुधा टँकवालं नसतं.

सायकलिंग तुम्हाला माहीत आहे: टाकीत रुजलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. गोड्या पाण्यात मासे निभावून नेतात तेवढाच आकडा इथे मारतो. चार ते सहा आठवडे द्या. ‘दोन डॅमसेल टाका, सायकल होऊन जाईल’ असं दुकानात सांगतील. ऐकू नका. त्या माशांचे हाल होतात, आणि जगलेच तर ते सगळी टाकी आपली समजून पुढच्या प्रत्येक माशाला झोडपतात. अमोनियाचं द्रावण किंवा सोललेल्या कोळंबीचा तुकडा पुरतो.

मग काचेवर तपकिरी थर येईल, नंतर हिरवं केसाळ शेवाळ. हे येणारच. इथे घाबरून लोक फॉस्फेट काढणारी औषधं ओततात आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणतात. त्या रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्म जीव माजतात, आणि केसाळ शेवाळापेक्षा ते कितीतरी चिवट असतात. नायट्रेट पाच-दहा, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. गोगलगायी सोडा, लाइटचे तास कमी करा, थांबा.

गोड्या पाण्यातल्या आणखी दोन सवयी इथे घातक आहेत. एक, दगड उकळून घेणं. दगडावर वाढणाऱ्या, प्रवाळासारख्या झोअँथिड जातीच्या काही जीवांत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं, आणि असा दगड उकळल्यावर त्याची वाफ श्वासात गेल्याने अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत. टँकमधला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. हात लावायचा तर हातमोजे आणि चष्मा. दोन, अंगावर पांढरे ठिपके दिसले की तापमान वाढवणं किंवा टाकीत औषध टाकणं. समुद्री माशांचा हा परजीवी वेगळा आहे, त्याला उष्णतेचा उपाय चालत नाही, आणि त्याच्यावरचं तांब्याचं औषध रीफमधल्या बिनकण्याच्या जीवांना मारतं. म्हणून क्वारंटाइनची लहान टाकी हवी आणि प्रत्येक नवा मासा आधी तिथे.

आता कायदा, कारण दुकानदार हे सांगत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण प्रवाळ आहेत, समुद्रपंखे आहेत, समुद्रघोडेही आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा किंवा प्रवाळ असलेला जिवंत दगड आणणं हा गुन्हा आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला प्रवाळ आहे, १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य झालं. मुंबईच्या खडकांवरही प्रवाळ तग धरून आहे. ते तिथेच राहायला हवं. परदेशातून आलेले कठीण प्रवाळही आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स (CITES) कराराच्या यादीत आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते. कागद नसलेलं काहीही घेऊ नका. शंका असेल तर पैसे देण्याआधी वनविभागाला विचारा. मी मऊ प्रवाळच ठेवतो: मशरूम, लेदर, आयातीच्या कागदांसह घेतलेले. त्यांचा आणखी एक फायदा असा की त्यांना कॅल्शियम-केएचचे (केएच म्हणजे पाण्याची अल्कता) डोस लागत नाहीत, आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की भागतं. जे मोजत नाही ते टाकीत ओतायचं नाही, हा नियम पाळलात तर केमिकलच्या बाटल्यांचा खर्चही वाचेल.

माशांत सुरुवात क्लाउनफिशने करा, पण टाकीत वाढवलेल्या. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र बसवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण नाही. दोन लहान घ्या. सगळे आधी नरच असतात, वरचढ होतो तो पुढे मादी बनतो. त्यांना अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) लागत नाही, आणि नव्या टँकमध्ये अ‍ॅनिमोन टिकत नाही. भटकत वेव्हमेकरमध्ये जातो आणि चिंधड्या होऊन सगळं पाणी नासवतो. निळा टँग चार फुटांत नको, तो फूटभर वाढतो. मँडरिन तर वर्षभर तरी नको. तो दगडांतले बारीक कोपेपॉड खाऊन जगतो आणि नव्या टाकीत ते नसतात. समोर खाणं असताना तो महिनाभर उपाशी झिजत जातो.

तुमचा मजला, इमारतीचं वय आणि टँकसाठी योजलेली भिंत कळवलीत तर जागेबद्दल आणि चिलर कुठे बसवायचा त्याबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.