वाचकांचे प्रश्न : लाल बटू ताऱ्यांभोवतीचे ग्रह

मागील अंकात सूर्याच्या शेजारच्या ताऱ्यांवर लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर पुणे शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : ‘पृथ्वीसारखा, वसतियोग्य ग्रह सापडला’ ही बातमी दरवर्षी वाचायला मिळते. असे बहुतेक ग्रह लाल बटू ताऱ्यांभोवतीच का असतात? सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती ते कमी आहेत का? (निवृत्त शिक्षक, कोथरूड)

सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती असे ग्रह कमी आहेत, असे म्हणण्यास आधार नाही. लाल बटू, म्हणजे सूर्यापेक्षा लहान, थंड आणि मंद अशा ताऱ्यांभोवती ते सापडणे सोपे आहे, एवढेच आज खात्रीने म्हणता येते. आणि हा फरक बातमी वाचताना सतत ध्यानात ठेवावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पहिली गोष्ट संख्येची. आपल्या आकाशगंगेतील चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन तारे लाल बटू आहेत, त्यामुळे सूर्याचे शेजारी मोजायला बसले की तेच पुन्हापुन्हा समोर येतात. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या लहान आकाराची. ८ जून २००४ रोजी झालेले शुक्राचे अधिक्रमण आपल्याला आठवत असेल. सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका काही तास सरकत होता. दूरच्या ताऱ्याचे बिंब आपल्याला दिसत नाही, परंतु त्याच्यासमोरून ग्रह गेला की प्रकाश किंचित घटतो आणि ती घट मोजता येते. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला, तर ही घट सुमारे १२,००० भागांत एक भाग इतकीच असते. आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षांवर असलेला ट्रॅपिस्ट-१ हा लाल बटू तारा मात्र गुरूपेक्षा थोडाच मोठा आहे, म्हणून तेवढाच ग्रह त्याच्यासमोरून गेला की सुमारे १७० भागांत एक भाग प्रकाश अडतो. ग्रह तोच, घट मात्र सत्तर पट. या ताऱ्याभोवती २०१६ साली तीन आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये एकूण सात ग्रह जाहीर झाले, ते या पद्धतीने.

तिसरी गोष्ट अंतराची. मंद शेकोटीची ऊब घ्यायची, तर तिच्या अगदी जवळ बसावे लागते. लाल बटू ताऱ्याचा प्रकाश इतका मंद असतो, की पाणी द्रवरूपात टिकेल असा पट्टा ताऱ्याच्या अगदी निकट येतो. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी असलेला प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्याचा प्रॉक्झिमा बी हा ग्रह ताऱ्यापासून अवघ्या ७५ लाख किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या हिश्श्यावर, ११.२ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. आपल्या एका वर्षात त्याची बत्तीस वर्षे होतात, त्यामुळे निरीक्षकाला एकाच संकेताची पुन्हापुन्हा पडताळणी करता येते. सूर्याभोवतीच्या पृथ्वीची तशी पडताळणी करायची, तर दर वेळी वर्षभर थांबावे लागेल.

प्रॉक्झिमा बी २०१६ साली चिलीतील ला सिया वेधशाळेतील हार्प्स या वर्णपटमापकाच्या, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत विलग करणाऱ्या उपकरणाच्या, साहाय्याने सापडला. त्याची पद्धत निराळी होती. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही थोडासा डोलतो, आणि तो आपल्याकडे येताना व दूर जाताना त्याच्या वर्णपटातील रेषा डॉप्लर परिणामामुळे किंचित सरकतात. या ग्रहामुळे प्रॉक्झिमाला मिळणारी गती सेकंदाला सुमारे १.४ मीटर आहे, म्हणजे सकाळी संभाजी बागेत भरभर चालणाऱ्या माणसाइतकी. चाळीस लाख कोटी किलोमीटरवरच्या ताऱ्याची ही चाल येथे बसून मोजता आली, हे मला ग्रह सापडण्याइतकेच विलक्षण वाटते. पृथ्वीमुळे सूर्याला मिळणारी गती सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटर असते. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीची दुसरी पृथ्वी अजून का हाती लागत नाही, याचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता ‘वसतियोग्य’ या शब्दाविषयी. तो वाचला की तेथे राहता येते, असा अर्थ मनात उभा राहतो. शास्त्रज्ञांना अभिप्रेत असलेला अर्थ मात्र एवढाच, की ग्रहाला योग्य वातावरण असेल, तर त्या अंतरावर त्याच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. आपला चंद्र सूर्यापासून पृथ्वीइतक्याच अंतरावर, अगदी योग्य पट्ट्यात आहे. पण त्याला वातावरण नाही आणि पृष्ठभागावर वाहणारे पाणीही नाही. म्हणून ‘द्रवजल-पट्टा’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो आणि पुढील उत्तरांत मी तोच वापरणार आहे.

प्रश्न : या ग्रहांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते आणि लाल बटू तारे भयंकर ज्वाला सोडतात, असे वाचले. मग तेथे जीवसृष्टी असणे शक्य तरी आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, हडपसर)

आपण नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. ताऱ्याच्या ज्या लहानपणामुळे आणि ग्रहाच्या ज्या जवळिकीमुळे शोध सोपा होतो, त्यांच्यामुळेच तेथील जीवन अवघड होण्याचा संभव आहे.

चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, कारण पृथ्वीच्या भरती निर्माण करणाऱ्या ओढीने त्याचे परिवलन आणि परिभ्रमण एकाच लयीत बांधले आहे. ताऱ्याला इतक्या जवळ असलेल्या ग्रहाचेही बहुधा तसेच होते, आणि मग एका बाजूला कायमचा दिवस व दुसऱ्या बाजूला कायमची रात्र राहते. ही गोष्ट ऐकायला भयानक असली, तरी ती एकटी घातक ठरत नाही. पुरेसे दाट वातावरण किंवा महासागर असेल, तर वारे आणि प्रवाह उजेडाकडची उष्णता अंधाराकडे पोहोचवू शकतात, असे हवामानाच्या संगणकीय प्रतिकृती दाखवतात. मला अधिक काळजी वाटते ती वातावरणाची.

मार्च २०१६ मध्ये प्रॉक्झिमावर उसळलेल्या एका महाज्वालेने त्याची दृश्य प्रकाशातील तेजस्विता काही काळ सुमारे ६८ पट वाढवली होती. अशा ज्वालांबरोबर येणारे क्ष-किरण, अतिनील किरण आणि विद्युत्भारित कण विसाव्या हिश्श्याच्या अंतरावरील ग्रहाचे वातावरण हळूहळू ओरबाडून नेऊ शकतात. त्यात आणखी एक अडचण अशी, की लाल बटू तारा बालवयात कोट्यवधी वर्षे आजच्यापेक्षा पुष्कळ तेजस्वी असतो. आज जो ग्रह द्रवजल-पट्ट्यात दिसतो, तो त्या काळात भाजून निघालेला असणे आणि त्याचे पाणी तेव्हाच उडून गेलेले असणे शक्य आहे. उलट बाजूही सांगायला हवी. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे मानतात, तर सर्वांत लहान लाल बटू तारे लाखो कोटी वर्षे तेवत राहतील. शिवाय सर्वच लाल बटू तारे सारखे अशांत नसतात; सुमारे ११ प्रकाशवर्षांवरील रॉस १२८, ज्याचा ग्रह २०१७ साली सापडला, तो त्यातल्या त्यात शांत आहे.

प्रत्यक्ष मोजमापे आता हाती येऊ लागली आहेत. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ साली ट्रॅपिस्ट-१ च्या सर्वांत आतल्या, ‘बी’ ग्रहाच्या उजेडाकडच्या बाजूचे तापमान मोजले. ते सुमारे २३० अंश सेल्सियस भरले, म्हणजे उष्णता वाहून नेणारे दाट वातावरण तेथे असल्याची चिन्हे नाहीत. त्याच वर्षी ‘सी’ ग्रहाबाबतही शुक्रासारखे कार्बन डायऑक्साइडचे दाट आवरण नाही, असे दिसून आले. हे दोन्ही ग्रह द्रवजल-पट्ट्यापेक्षा ताऱ्याच्या बरेच जवळ असल्याने त्यावरून साऱ्या कुटुंबाविषयी निराश होऊ नये. पट्ट्यातला ‘ई’ हा ग्रह खरी कसोटी आहे, आणि त्याची निरीक्षणे चालू आहेत. तेथे अडचण येते ती ताऱ्यावरील डागांची, कारण त्या डागांची छाप ग्रहाच्या वर्णपटावर पडते. आपण अजून शिकत आहात; या प्रश्नाचे उत्तर काढणाऱ्यांमध्ये आपणही असू शकाल.

प्रश्न : ग्लीझ ५८१ या ताऱ्याभोवती वसतियोग्य ग्रह सापडल्याचे २०१० साली वाचले होते आणि मुलांना कौतुकाने सांगितलेही होते. पुढे तो ग्रहच नसल्याचे कळले. एवढी मोठी चूक होते कशी? (अभियंता, चिंचवड)

ही चूक निष्काळजीपणाची नव्हती, म्हणूनच ती समजून घेण्यासारखी आहे. सुमारे २० प्रकाशवर्षांवरील या लाल बटू ताऱ्याच्या वर्णपटात ६६ दिवसांचा एक आवर्ती संकेत होता. तो ‘डी’ हा ग्रह मानला गेला. नंतर २०१० साली ‘जी’ या ग्रहाचा, म्हणजे आपण वाचलेल्या ग्रहाचा, संकेत सुमारे ३७ दिवसांचा असल्याचे जाहीर झाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की हा तारा स्वतःभोवती सुमारे १३० दिवसांत फिरतो आणि ६६ दिवस हे त्याच्या जवळजवळ निम्मे आहेत. ताऱ्यावरील चुंबकीय हालचालींचे पट्टे फिरता फिरता वर्णपटातील रेषांचा आकार बदलत होते, आणि तो बदल ताऱ्याच्या डोलण्यासारखा भासत होता. ती छाप वजा केल्यावर ‘डी’ नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर ‘जी’ही.

सहा प्रकाशवर्षांवरील बर्नार्डच्या ताऱ्याची कथाही अशीच आहे. तेथे २०१८ साली जाहीर झालेला २३३ दिवसांचा ग्रह टिकला नाही. त्याच ताऱ्याभोवती २०२४ आणि २०२५ मध्ये काही लहान ग्रह मात्र पक्के झाले, परंतु ते फार उष्ण आहेत. प्रॉक्झिमा बी चा संकेत २०२० साली एस्प्रेसो या निराळ्या, अधिक अचूक उपकरणानेही दाखवला, म्हणून त्यावर माझा विश्वास आहे. आपण मुलांना हे सगळे सांगावे, चुकीसकट सांगावे. आधी सांगितलेले खोटे पडले, याची खंत बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या खोडदच्या दुर्बिणींना हे ग्रह सापडतील का? आणि हे तारे आपल्याकडून डोळ्यांनी दिसतात का? (शेतकरी, नारायणगाव)

खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी टिपतात, आणि लाल बटू ताऱ्यांच्या चुंबकीय हालचालींतून उठणारे स्फोट अशा लहरींत जाणवतात. पृथ्वीसारख्या ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्रातून निघणाऱ्या लहरी मात्र इतक्या कमी वारंवारतेच्या असतात, की आपल्या वातावरणाचा आयनांबर हा थर त्यांना जमिनीपर्यंत येऊच देत नाही. म्हणजे हे ग्रह थेट टिपणे खोडदला जमणार नाही. त्यांच्या ताऱ्यांचा स्वभाव समजून घेण्यास मात्र तशी निरीक्षणे उपयोगी पडतात.

एकही लाल बटू तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. प्रॉक्झिमाचे ठिकाण मात्र आपल्याला पाहता येईल. मे महिन्याच्या उत्तरार्धात, रात्री अकराच्या सुमारास, दक्षिण क्षितिज मोकळे असेल अशा शेतात उभे राहावे. हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवली, की तिच्या वरच्या कडेशी एक ठळक तारा दिसतो. तो नरतुरंग या तारकासमूहातला मित्र. त्याच्या उजवीकडे मित्रक आणि आणखी पश्चिमेस त्रिशंकू. प्रॉक्झिमा मित्राच्या थोडा खाली, पूर्णचंद्राची चार बिंबे ओळीने मांडावीत एवढ्या अंतरावर, अकराव्या प्रतीचा, म्हणजे अतिशय मंद आहे. क्षितिजालगतच्या धुळीतून तो शोधायला चांगली दुर्बीण, नकाशा आणि पुष्कळ धीर लागेल.