अर्धा तास थोपटूनही बाळाचा ढेकर निघत नाही, काय करू?

मुलगी पाच आठवड्यांची, अंगावर पिते, ढेकर निघत नाही, संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडते आणि घरचे ग्राइप वॉटर द्या म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी दोन मुलांची आई, डॉक्टर नाही.

आधी ते अर्धा अर्धा तास थोपटणं बंद करा. पाच-सात मिनिटांत निघाला तर ठीक, नाहीतर राहू द्या. हवा गिळलीच नसेल तर ढेकर यायचा कुठून? २०१५ साली चंडीगडच्या ७१ बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा ढेकर नेमाने काढला, त्यांचं पोटदुखीचं रडणं काही कमी झालं नाही, गुळण्या मात्र वाढल्या. (आमच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.)

खरं लक्ष पाजण्याकडे द्या. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही बराचसा गेला पाहिजे. पिताना चट्‌चट् आवाज येत असेल तर हवा जातेय. करंगळीने हळूच सोडवून परत लावा. भुकेने टाहो फोडेपर्यंतही थांबू नका, कारण रडतानाही हवा गिळली जाते. मुठी चोखायला लागली की घ्या. ढेकर काढायचा तो बाजू बदलताना. खांद्यावर नाही निघाला तर मांडीवर बसवून, हनुवटीला हाताचा आधार देऊन (गळ्याला नाही) जरा पुढे झुकवा. माझ्या धाकट्याचा असाच निघायचा. झोपवताना मात्र उताणंच.

ग्राइप वॉटर नको, घुटीही नको. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायचा आजीचा आग्रह असेल तर त्यावरून भांडू नका. तोंडात, डोळ्यांत जाऊ नये एवढं बघा.

संध्याकाळचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. तोवर कडेवर घेऊन फिरणं, पाय सायकलसारखे हलवणं, एवढंच हातात असतं.

पण उलटी हिरवी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, पोट टणक लागलं, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, किंवा बाळ दूधच ओढेना, तर तो गॅस समजू नका. रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.